सातशे सत्याहत्तर हा इलाज नव्हे

लिनक्सच्या काळ्या पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’ ही ओळ उमटली की शेजारून सल्ला येतो : ‘सीएचमॉड ७७७ मारून टाक,’ म्हणजे ती फाइल सगळ्यांना सगळ्यासाठी मोकळी कर. तेवढ्याने भागले नाही तर दुसरा तयार असतो : ‘सुडो लाव,’ म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालव. आणि ‘कमांड नॉट फाउंड’ आले तर तिसरा : ‘ती फाइल उचल आणि यूएसआर-बिनमध्ये नेऊन टाक.’ कोलाडहून लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकायला जाणारी मुले असोत किंवा धाटावच्या औद्योगिक वसाहतीत सर्व्हर सांभाळणारा तंत्रज्ञ असो, युनिक्सच्या जातीच्या यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या कानावरून हे तीन सल्ले गेलेले असतात. देणारा भल्यासाठीच देतो. बऱ्याच वेळा काम चालू होतेही. म्हणूनच या सल्ल्यांचा सविस्तर समाचार घेणे भाग आहे.

या सल्ल्यांविरुद्ध नेहमी एकच आक्षेप घेतला जातो, तो म्हणजे सुरक्षिततेचा. आक्षेप खरा आहे, पण तो ऐकून कोणी बदलत नाही. ‘माझ्या लॅपटॉपमध्ये चोरण्यासारखे आहे काय?’ असे उत्तर येते आणि विषय संपतो. मुख्य आक्षेप वेगळा आहे. हा सल्ला दुरुस्ती म्हणूनच चुकीचा आहे. बिघाड कुठे आहे हे यंत्राने सांगितलेले असते, ते न वाचता केलेली ही मारझोड आहे, आणि कितीतरी प्रसंगी ७७७ केल्यावर बिघाड जात नाही, उलट नवा उभा राहतो.

आधी यंत्र काय सांगते ते पाहू. आज्ञा फसल्यावर शेल एक आकडा मागे ठेवतो. डॉलर आणि प्रश्नचिन्ह जोडून ‘एको’ केले की तो दिसतो. १२७ आला तर त्या नावाची आज्ञा सापडलीच नाही. १२६ आला तर आज्ञा सापडली, पण चालवता आली नाही. हा फरक पॉझिक्स मानकातच लिहून ठेवलेला आहे. म्हणजे शोधाचे दोन रस्ते पहिल्याच पायरीवर वेगळे होतात : एक नावाचा आणि पाथचा, म्हणजे आज्ञा शोधायच्या जागांचा, दुसरा परवानगीचा. ‘कमांड नॉट फाउंड’वर सीएचमॉड मारणारा माणूस पहिल्याच वळणावर चुकीच्या रस्त्याला लागलेला असतो.

त्याखाली कर्नलचे स्वतःचे क्रमांक असतात. लिनक्सवर २ म्हणजे अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही, १३ म्हणजे परवानगी नाकारली, आणि १ म्हणजे ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. शेवटचे दोन सारखे वाटतात, पण नाहीत. १३ बहुतेक वेळा फाइलीवरच्या किंवा वाटेतल्या डिरेक्टरीवरच्या अधिकारांमुळे येतो. १ येतो तेव्हा ती कृतीच तुमच्या दर्जाच्या वापरकर्त्याला मना असते. दुसऱ्याच्या मालकीच्या फाइलीवर सीएचमॉड चालवले तर १ मिळतो, कारण फाइलीचे अधिकार बदलण्याचा हक्क मालकाचा आणि रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा. तिथे फाइल कितीही मोकळी असली तरी उत्तर बदलत नाही.

अधिकारांची मांडणी साधी आहे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. इथवर प्रत्येक विद्यार्थी परीक्षेत लिहितो. डिरेक्टरीवरच्या ‘एक्स’चा अर्थ मात्र क्वचितच कोणी नीट शिकवतो. डिरेक्टरी काही चालवायची वस्तू नाही. तिच्यावरचा ‘एक्स’ म्हणजे तिच्यातून पुढे जाण्याची मुभा. ‘आर’ असेल आणि ‘एक्स’ नसेल तर आतली नावे दिसतील, पण एकही फाइल उघडणार नाही. उलट ‘एक्स’ असेल आणि ‘आर’ नसेल तर यादी दिसणार नाही, पण नाव ठाऊक असलेली फाइल उघडेल. आणखी एक गोष्ट : फाइल पुसण्याचा अधिकार फाइलीवर अवलंबून नसतो, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावरच्या ‘डब्ल्यू’वर असतो. ४४४ करून ‘कुलूपबंद’ केलेली फाइल लिहिती डिरेक्टरी हाती असलेला माणूस सहज पुसू शकतो.

कोलाडच्या वाचकाला हे कोकण रेल्वेवरून चटकन समजेल. रोह्याहून सुटलेली गाडी कोलाड, इंदापूर, माणगाव, गोरेगाव रोड करत वीरला जाते, आणि दर स्थानकाचा सिग्नल तिला वेगळा मिळावा लागतो. वीरचा सिग्नल हिरवा असून उपयोग नाही, जर माणगावचा लाल असेल. फाइलीपर्यंतचा पाथ असाच असतो. शेवटच्या फाइलीवर ७७७ असले तरी वाटेतल्या एका डिरेक्टरीवर तुमच्यापुरता ‘एक्स’ नसला की गाडी तिथेच थांबते. अशा वेळी रोह्यापासून वीरपर्यंत सगळे सिग्नल कायमचे हिरवे करून ठेवणाऱ्याला रेल्वेत कोणी कामावर ठेवणार नाही. सीएचमॉडला कॅपिटल आर लावून वरपासून खालपर्यंत ७७७ करणारा नेमके तेच करतो.

लाल सिग्नल कुठे आहे हे शोधायला एक आज्ञा आहे, नाव ‘नेमआय’. तिला ‘एल’ हा पर्याय आणि पूर्ण पाथ दिला की मुळापासून फाइलीपर्यंत प्रत्येक टप्प्याचे अधिकार, मालक आणि गट एकाखाली एक दिसतात. ती यूटिल-लिनक्स या संचाचा भाग आहे, म्हणून बहुतेक लिनक्सवर आधीपासून असते. जोडीला ‘आयडी’ ही आज्ञा, म्हणजे आपण कोण आणि कोणकोणत्या गटांत आहोत ते कळते. या दोन आज्ञांना मिळून दहा सेकंद लागतात.

एक उदाहरण जवळून पाहू. उबुंटूने एप्रिल २०२१ मधल्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याची होम डिरेक्टरी ७५० अधिकारांनी तयार करायला सुरुवात केली. त्याआधी ती ७५५ असे. मुलगा होममध्ये प्रकल्पाची वेबसाइट ठेवतो, वेब सर्व्हर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वेगळ्या नावाने चालतो, आणि ब्राउझरमध्ये ४०३, म्हणजे प्रवेश नाकारल्याचा संदेश येतो. मुलगा वेबसाइटच्या फोल्डरवर ७७७ करतो. काही होत नाही. पुन्हा करतो, या वेळी कॅपिटल आर लावून. तरी काही होत नाही. कारण सर्व्हर होमच्या दारातच अडलेला आहे. होमवर ‘इतरांना’ फक्त ‘एक्स’ दिला किंवा वेबसाइट ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’मध्ये हलवली की काम होते. त्याच क्षणी मात्र प्रकल्पाची प्रत्येक फाइल, डेटाबेसच्या पासवर्डसकट, सगळ्यांना लिहिता येण्याजोगी होऊन बसलेली असते, आणि ती परत नीट करायचे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

आता ‘७७७ने निदान नुकसान तरी होत नाही’ या दाव्याकडे वळू. युनिक्सवरचे अनेक प्रोग्राम फाइल प्रमाणाबाहेर मोकळी दिसली तर मुद्दाम काम थांबवतात. मायएसक्यूएलची सेटिंगची फाइल कोणालाही लिहिता येत असेल तर तो इशारा देऊन ती वाचतच नाही. सगळी सेटिंग गेल्यासारखी वाटतात. सुडोची नियमांची फाइल अशी मोकळी झाली की सुडो चालायला नकार देतो. आणि कोणी मुळापासून ‘/’वर ७७७ केलेच तर सुडोच्या प्रोग्रामवरचा सेटयूआयडी बिट, म्हणजे प्रोग्राम त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण, उडतो, कारण तीन आकडी रूपात तो बिट शून्य धरला जातो. मग ‘सुडोचा मालक रूट हवा आणि सेटयूआयडी बिट हवा’ अशा अर्थाचा संदेश येतो. ज्याने हे दुरुस्त करायचे तेच हत्यार गेलेले असते. बहुतेकांना शेवटी यंत्रणा नव्याने टाकावी लागते.

एसएसएचच्या खासगी किल्लीचा प्रकार तर आज सर्रास भेटतो. विंडोजवर डब्ल्यूएसएल घेतलेले विद्यार्थी क्लाउडवरून उतरवलेली किल्लीची पेम फाइल ‘डाउनलोड्स’मध्येच ठेवतात. डब्ल्यूएसएलमध्ये तो फोल्डर ‘/एमएनटी/सी’च्या खाली दिसतो, आणि मुळात विंडोजच्या डिस्कवर असल्यामुळे तिथली प्रत्येक फाइल ७७७ दिसते. एसएसएच ती किल्ली पाहून सांगतो की हिचे अधिकार फार मोकळे आहेत, ही किल्ली वापरली जाणार नाही. आणि पुढच्याच ओळीत ‘परमिशन डिनाइड’. म्हणजे इथे ७७७ हेच ‘परमिशन डिनाइड’चे कारण आहे. मग सीएचमॉड ६०० केले जाते, ते निमूटपणे चालल्यासारखे दिसते, पण गटाचे आणि इतरांचे अधिकार जात नाहीत, कारण त्या जोडणीत ते साठवायची सोय मुळात चालू नसते. किल्ली लिनक्सच्या होममधल्या ‘.एसएसएच’ फोल्डरमध्ये हलवून मग ६०० केले की पहिल्या फटक्यात जोडणी होते. पेन ड्राइव्हवर तीच कथा : एफएटी किंवा एक्सएफएटी पद्धतीत युनिक्सचे अधिकार लिहायला जागाच नाही. तिथे सीएचमॉड चालवणे निरर्थक. ड्राइव्ह जोडताना दिलेल्या पर्यायांनी सगळे ठरते.

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत आर्डुइनोचा बोर्ड जोडला की डेबियन किंवा उबुंटूवर त्याच्या पोर्टची मालकी रूटकडे आणि गट ‘डायलआउट’ असतो, अधिकार ६६०. पोर्टवर ७७७ करा, प्रोग्राम चढतो. केबल काढून पुन्हा लावा, पोर्टची फाइल नव्याने तयार होते आणि अधिकार पूर्वपदावर. म्हणून काही ठिकाणी दर तासाला हा मंत्र म्हटला जातो. खरे उत्तर एकदाच करायचे असते : विद्यार्थ्याला ‘डायलआउट’ गटात घालणे, आणि त्यानंतर लॉग आउट होऊन पुन्हा येणे. ‘यूजरमॉड’ला ‘जी’ लावताना त्याआधीचा लहान ‘ए’ विसरू नये. तो विसरला तर माणूस आधीच्या सगळ्या जादा गटांतून बाहेर पडतो. त्यात सुडोचा गटही आला.

सुडोची भक्तीही तपासून पाहावी. एखाद्या माउंटवर ‘नोएक्झेक’, म्हणजे प्रोग्राम चालवण्याची बंदी, लावलेली असेल तर रूटलाही तिथला प्रोग्राम चालवता येत नाही. संदेश तोच, १३ क्रमांकाचा. दुसरे उदाहरण : ‘सुडो एको’ लिहून पुढे ‘पेक्षा मोठे’ (>) या चिन्हाने ‘/ईटीसी’मधल्या फाइलीत ओळ घालायला गेले तर ‘परमिशन डिनाइड’ येते. लोक चक्रावतात. फाइल उघडण्याचे काम शेल आधी करतो, सुडो नंतर चालतो, आणि शेल साध्या वापरकर्त्याचाच असतो. ‘सुडो टी’ने ते काम होते. तिसरे, आणि सर्वांत त्रासाचे : होम फोल्डरात सुडो लावून पॅकेज बसवले की तिथे रूटच्या मालकीच्या फाइली पडतात. आज चाललेली गोष्ट उद्या सुडोशिवाय अडते, मग उद्याही सुडो, परवाही सुडो. आजारच औषधातून आलेला असतो.

‘कमांड नॉट फाउंड’ची बाजू तितकीच दुर्लक्षित आहे. शेल आज्ञेचे नाव पाथ या चलात अपूर्णविरामांनी (:) वेगळ्या केलेल्या डिरेक्टऱ्यांत, दिलेल्या क्रमाने शोधतो. पहिली सापडेल ती चालवतो. चालू फोल्डर त्या यादीत मुद्दाम नसतो. डॉस आणि विंडोजच्या सवयीने आलेल्याला याचा राग येतो, कारण तिथल्या जुन्या कमांड प्रॉम्प्टवर चालू फोल्डर आधी पाहिला जातो. इथे ‘./’ लिहावे लागते. हा जाच वाटतो, पण कोणीतरी सामायिक फोल्डरात ‘एलएस’ नावाचा घातकी प्रोग्राम ठेवला आणि प्रशासकाने तिथे सवयीने ‘एलएस’ लिहिले, एवढ्यावर सगळी यंत्रणा हातची जाऊ नये म्हणून तो नियम आहे. पाथच्या सुरुवातीला टिंब घालून ठेवा, असे सांगणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

फाइल उचलून यूएसआर-बिनमध्ये टाकण्याने आज्ञा सापडते हे खरे, पण ती जागा पॅकेज मॅनेजरची आहे. त्याला या पाहुण्याची नोंद नसते. पुढच्या अपग्रेडमध्ये ती फाइल बदलली जाईल, किंवा जुनी तशीच राहून नव्या आवृत्तीच्या आड येईल. स्वतःच्या वस्तूंसाठी ‘/यूएसआर/लोकल/बिन’ आणि होममधले ‘.लोकल/बिन’ आहे. आणि मुळात नेमके काय चालते आहे ते ‘टाइप’ला ‘ए’ लावून विचारता येते. त्या नावाच्या साऱ्या जागा क्रमाने दिसतात. बॅश सापडलेली जागा लक्षात ठेवतो. प्रोग्राम दुसरीकडे हलवला की तो जुन्या जागीच जातो आणि ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणतो. ‘हॅश मायनस आर’ने ती आठवण पुसली की प्रश्न मिटतो. इथे परवानगीचा काडीचा संबंध नसतो.

‘नो सच फाइल’ हीच ओळ, फाइल डोळ्यांसमोर असताना, आणखी एका कारणाने येते. विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टच्या प्रत्येक ओळीअखेर एक न दिसणारे जादा चिन्ह असते. पहिल्या ओळीत ‘/बिन/बॅश’ असले तरी कर्नलला त्या चिन्हासकट नाव दिसते, आणि तशा नावाचा दुभाषी यंत्रावर नसतो. ‘डॉसटूयुनिक्स’ चालवले की काम झाले. ७७७ करून बसलेला विद्यार्थी मात्र संध्याकाळपर्यंत तिथेच.

क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालण्यासाठी, लावलेले काम रात्री फसते आणि सकाळी हाताने चालवले की चालते, याचेही कारण पाथच : डेबियनच्या धर्तीच्या यंत्रणांत क्रॉन वापरकर्त्याच्या कामाला ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढाच पाथ देतो. डेबियनच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, नुसत्या ‘एसयू’ने रूट झाले तर पाथ जुनाच राहतो आणि ‘/यूएसआर/एसबिन’मधल्या आज्ञा ‘नॉट फाउंड’ होतात. ‘एसयू’पुढे एक आडवी रेघ दिली की पाथही रूटचा मिळतो. ही माहिती ज्याला आहे त्याचा अर्धा दिवस वाचतो.

आता विरोधकांचे सर्वांत भक्कम म्हणणे घेऊ. ते असे : हे नियम सत्तरच्या दशकातले आहेत, एका मोठ्या यंत्रावर पन्नास माणसे बसत तेव्हाचे, आज यंत्र एकट्याचे, मग मालक-गट-इतर हा पसारा कशाला? इतिहास बरोबर आहे. युनिक्स १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून सुरू झाले. सेटयूआयडीची कल्पना रिची यांची. तिच्या पेटंटचा अर्ज १९७३ चा आणि मंजुरी १९७९ ची. गरजेपुरताच अधिकार द्यावा हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या निबंधात मांडले. पण यावरून निघालेला निष्कर्ष चूक आहे. कोलाडच्या बाजारात यूपीआयने पैसे देणाऱ्या बाईंच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या कर्नलवर चालतो, आणि त्यात प्रत्येक ॲपला वेगळा वापरकर्ता क्रमांक दिलेला असतो. फुकटच्या खेळाच्या ॲपला बँकेच्या ॲपच्या फाइली वाचता येत नाहीत, त्याचा पाया हाच जुना मालकीचा नियम आहे. माणूस एकटा असला तरी यंत्रावर परके प्रोग्राम डझनांनी असतात. पन्नास माणसांची जागा पन्नास प्रोग्रामांनी घेतली, एवढाच बदल.

जादा अधिकाराची किंमत रायगड जिल्ह्याने पाहिलेली आहे. जून २०१७ च्या अखेरीस नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. ती यंत्रे विंडोजची होती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण नॉटपेट्या पसरण्याचा एक मार्ग होता, एका यंत्राच्या स्मृतीतून प्रशासकाची ओळख चोरून पुढच्या यंत्रावर प्रशासक म्हणूनच शिरणे. जिथे जास्त जण जास्त अधिकाराने काम करतात, तिथे असा प्रोग्राम फार लांब जातो. मर्स्कने आपले नुकसान वीस ते तीस कोटी डॉलर्सच्या घरात सांगितले होते.

लिनक्सचे उदाहरण हवे तर जानेवारी २०२२ मध्ये क्वालिस कंपनीने उघड केलेली पॉलकिट या अधिकार ठरवणाऱ्या संचातली चूक पाहावी. पीकेएक्झेक या सेटयूआयडी प्रोग्रामात ती मे २००९ पासून होती, आणि तिच्यातून साधा वापरकर्ता रूट होऊ शकत होता. दुरुस्त आवृत्ती येईपर्यंतचा तात्पुरता उपाय काय सांगितला गेला? त्या एका फाइलीवर सीएचमॉड ०७५५, म्हणजे सेटयूआयडी बिट काढून टाकणे. एका फाइलीवरचा एक बिट. सीएचमॉड या आज्ञेचा योग्य वापर असा दिसतो.

एक मुद्दा मात्र समोरच्या बाजूचा मान्यच केला पाहिजे. नवशिक्याला हे संदेश तुटक वाटतात, ते इंग्रजीत येतात, आणि परीक्षा उद्यावर असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ‘बॅड इंटरप्रिटर’ पाहून धडकी भरली तर दोष त्याचा नाही. पण त्यावर उपाय म्हणून आकडा पाठ करून देणे ही त्या मुलाची फसवणूक आहे. त्याला संदेश वाचायला शिकवणे हाच उपाय. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे प्राथमिक पाठ मराठी निवेदनासह मोफत उपलब्ध आहेत. वेळेचा हिशेबही चुकीचा मांडला जातो : ७७७ टाइप करायला पाच सेकंद लागतात, पण त्यातून उपजलेला दुसरा बिघाड शोधायला दिवस जातो, आणि तो दिवस कोणी पहिल्या सल्ल्याच्या खात्यावर लिहीत नाही.

रोहा, माणगाव, पेण, लोणेरे इथे लिनक्स शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि प्रयोगशाळा साहाय्यकांना म्हणून एक विनंती आहे. विद्यार्थी ‘सर, परमिशन डिनाइड’ म्हणत आला तर कीबोर्ड स्वतःकडे ओढू नका. शेलने ठेवलेला आकडा, ‘आयडी’चे उत्तर आणि ‘नेमआय’ची यादी, या तीन गोष्टी कागदावर लिहून आणायला सांगा. प्रात्यक्षिकाच्या वहीत यासाठी एक पान ठेवा आणि तोंडी परीक्षेत त्यावरच प्रश्न विचारा. येत्या सत्रापासून हे सुरू करता येईल. त्यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, की नवे यंत्र घ्यावे लागत नाही.